रिपीटर जोडले आणि ‘घुंऽऽ’ सुरू झालं? हॅम रेडिओतल्या हमिंगचं कारण आणि इलाज

गणपतीच्या मंडपात आरती सुरू व्हायच्या आधी हमखास ऐकू येणारा एक आवाज असतो. माईक लावला, स्पीकर चालू केला की ‘घुंऽऽ’. मग कुणीतरी वायर हलवतो, कुणी प्लग उलटा करून बघतो, आणि एखादा कार्यकर्ता म्हणतो, “अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे.” बहुतेक वेळा तो बरोबर असतो.

हाच आवाज हॅम रेडिओवाल्यांनाही छळतो, विशेषतः दोन रिपीटर एकमेकांना जोडताना. मंडपात हमिंग आलं तर आरतीची मजा थोडी कमी होते. आपत्तीच्या वेळी रेडिओवर आलं, तर समोरच्याने ‘पन्नास’ म्हटलं की ‘पंचावन्न’ हेच कळत नाही. हे हमिंग येतं कुठून, ते कसं ओळखायचं आणि कसं घालवायचं, ते पाहू.

आधी थोडक्यात: हॅम रेडिओ, रिपीटर आणि लिंक

हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांनी परवाना घेऊन चालवलेला रेडिओ. भारतात हा परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा देते. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि पास झाल्यावर मिळणारं कॉलसाइन बहुधा ‘व्हीयू’पासून सुरू होतं. विनापरवाना प्रसारण करणं हा गुन्हा आहे.

हातातल्या वॉकीटॉकीसारख्या सेटची ताकद साधारण ५ वॅट असते. त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे मध्ये टेकडी किंवा उंच इमारत आली की संपर्क तुटतो. यावरचा उपाय म्हणजे रिपीटर. उंचावर बसवलेलं हे यंत्र एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने तेच बोलतं.

पुण्यासारख्या शहरात याचं महत्त्व लगेच कळतं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, आणि आजूबाजूला टेकड्या. सिंहगड १३०० मीटरच्या आसपास. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रस्त्यावर उभं राहून बोलायचं म्हटलं, तर पर्वती आणि तळजईच्या टेकड्या जवळच आडव्या येतात.

एक रिपीटर पुरत नसेल तर दोन-तीन रिपीटर जोडतात. पहिल्यावर आलेला आवाज वेगळ्या ‘लिंक’ रेडिओने दुसऱ्याकडे पाठवायचा, दुसऱ्याने तो पुढे द्यायचा. याला रिपीटर लिंकिंग म्हणतात. काही ठिकाणी इंटरनेटवरूनही जोडणी करतात. ती करण्याआधी आपल्या परवान्याच्या अटी तपासायला हव्यात.

लिंक म्हणजे एका रेडिओचा आवाज वायरने दुसऱ्या रेडिओत घालणं. हमिंग बहुतेक वेळा त्या वायरीतूनच आत शिरतं.

थोडं हमिंग आलं तर बिघडलं कुठे?

एकाच रिपीटरवर हलकं हमिंग असेल तर कान त्याची सवय करून घेतात. साखळीत मात्र ते साठत जातं. एफएम प्रसारणात आवाजाला मर्यादित जागा असते. दोन मीटर बँडवर (भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) ही मर्यादा साधारणपणे ±५ किलोहर्ट्झ, अरुंद चॅनेलवर त्याच्या निम्मी. हमिंगने व्यापलेली जागा बोलण्यातून वजा होते. तीन लिंकनी प्रत्येकी थोडं थोडं हमिंग घातलं, तर शेवटच्या ऐकणाऱ्यापर्यंत आवाज दबलेला आणि घुमणारा पोचतो.

इथे एक गंमत आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेकडचं वीजजाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याला जोडलं गेलं. तेव्हापासून देशाचं मुख्य वीजजाळं एकाच ठेक्यात चालतं. म्हणजे पुण्यातलं ५० हर्ट्झ आणि सोलापुरातलं ५० हर्ट्झ अगदी एकच. त्यामुळे दोन ठिकाणचं हमिंग एकमेकांत मिसळतं तेव्हा ते फेजनुसार वाढतं किंवा अंशतः कटतं. म्हणूनच कधीकधी एका जागेचा दोष दुरुस्त केला आणि एकूण हमिंग वाढलं, असं होतं! दुरुस्ती चुकलेली नसते. दुसऱ्या जागेचा दोष इतके दिवस झाकलेला होता, तो उघडा पडतो.

आणि हे सगळं करायचं कशासाठी? २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात आणि डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात, नेहमीची संपर्कव्यवस्था कोलमडली तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोचवले. पुण्यापुरतं बोलायचं तर २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा. आंबिल ओढ्याला पूर आला आणि सहकारनगर, अरण्येश्वर भागात हाहाकार झाला. मार्केट यार्डापासून हा भाग हाकेच्या अंतरावर आहे. अशा रात्री रेडिओवर निरोप एकदाच मिळण्याची शक्यता असते, आणि तो नीट कळायला हवा.

हमिंग येतं कसं?

समजा, मार्केट यार्ड परिसरातल्या एका इमारतीच्या गच्चीवर लिंक रेडिओ बसवलाय. खाली भुसार मालाचे गाळे, पलीकडे फळं-भाजीचा बाजार. एका प्लगवर रिपीटर, दुसऱ्या भिंतीवरच्या प्लगवर लिंक रेडिओ, आणि दोघांमध्ये आवाजाची वायर.

दोन्ही प्लगना अर्थिंग आहे. कागदावर दोन्ही ‘अर्थ’ सारखेच. प्रत्यक्षात तारेला रोध असतो, इमारतीतल्या मोटारी आणि फ्रिजचा थोडा गळती प्रवाह अर्थच्या तारेतून जात असतो, त्यामुळे दोन प्लगांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. दोन यंत्रं वायरीच्या जाळीने जोडली की एक बंद वर्तुळ तयार होतं आणि त्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

काही मिलिव्होल्ट म्हणजे किती? माईकच्या इनपुटला साधारण १० मिलिव्होल्टचा आवाज लागतो. त्यात १ मिलिव्होल्ट हमिंग मिसळलं तर ते आवाजाच्या एक दशांश, म्हणजे फक्त २० डेसिबल खाली. तेच १ मिलिव्होल्ट हमिंग १ व्होल्टच्या आवाजात मिसळलं तर ६० डेसिबल खाली, कानाला जवळजवळ न जाणवणारं. हा हिशेब लक्षात ठेवा. पुढचा सगळ्यात स्वस्त इलाज यातूनच निघतो.

प्रत्येक ‘घुंऽऽ’ वेगळं असतं

‘हमिंग येतंय’ म्हणणं म्हणजे डॉक्टरला ‘दुखतंय’ एवढंच सांगणं. कुठे आणि कधी, ते सांगावं लागतं.

५० हर्ट्झ, जाड आणि सतत: बहुधा ग्राउंड लूप, तुटलेली जाळी किंवा विजेच्या तारेला चिकटून गेलेली आवाजाची वायर.

१०० हर्ट्झ, थोडं खरखरीत: पॉवर सप्लाय. वीज एकदिश करताना ५० चे १०० होतात आणि फिल्टरचे कपॅसिटर ते गुळगुळीत करतात. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात कपॅसिटर लवकर सुकतात आणि १०० हर्ट्झ सुटतं.

फक्त कुणी बोलत असतानाच येणारं गुणगुणणं: हा सब-टोन असू शकतो. नको ते सिग्नल बाहेर ठेवण्यासाठी रेडिओ बोलण्याबरोबर एक खालचा सूर पाठवतात, साधारण ६७ ते २५४ हर्ट्झमधला. याला सीटीसीएसएस म्हणतात. नेहमीच्या सेटमध्ये हा सूर स्पीकरपर्यंत पोचण्याआधी गाळला जातो. पण लिंकसाठी आवाज रेडिओच्या मागच्या डेटा जॅकवरून, गाळणीच्या आधीच उचलला असेल, तर सूर सरळ पुढे जातो.

बटण दाबल्यावरच येणारी भुणभुण: आपल्याच अँटेनाची ताकद आवाजाच्या वायरीत शिरते आहे.

बारीक शिट्टीसारखा आवाज: स्विचिंग पॉवर सप्लाय, स्वस्त एलईडी किंवा यूएसबीवरचा छोटा संगणक.

यातला सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे १०० हर्ट्झ. सीटीसीएसएसमध्ये १००.० हर्ट्झचा सूर आहे, आणि पॉवर सप्लायचं हमिंगही १०० च. कानाला दोन्ही सारखेच. ओळखायचं कसं? विजेची फ्रिक्वेन्सी कधीच स्थिर नसते. नियमानुसार ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या दरम्यान राहणं अपेक्षित असतं आणि त्यात सतत हलत असते. त्यामुळे पॉवर सप्लायचं हमिंग १०० च्या आजूबाजूला किंचित डोलतं. सब-टोन मात्र जागचा हलत नाही, आणि बोलणाऱ्याने बटण सोडलं की गायब होतो.

मोबाइलचं ॲप चालेल का?

फारसं नाही. सेटचा छोटा स्पीकर ५० हर्ट्झ वाजवूच शकत नाही. आपल्याला ऐकू येतात ते त्याचे वरचे पट. त्यामुळे स्पीकरसमोर मोबाइल धरून मोजमाप केलं तर फसवणूक होते.

त्याऐवजी आवाज वायरने लॅपटॉपमध्ये घेऊन ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याचा स्पेक्ट्रम बघा. लॅपटॉप मात्र चार्जर काढून बॅटरीवर चालवा. नाहीतर शोधायला आलेला लॅपटॉपच नवा ग्राउंड लूप तयार करेल.

शोधायचं कसं: पायरी-पायरीने

एक नियम पाळा. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर रेकॉर्डिंग करा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि हमिंग गेलं, तर कशाने गेलं ते कळत नाही. मग चार महिन्यांनी परत आलं की सगळं पहिल्यापासून.

१. मूळ रिपीटर हातातल्या सेटवर थेट ऐका. हमिंग तिथेच असेल तर लिंकला दोष देऊ नका.

२. लिंकच्या रिसीव्हरला हेडफोन लावा. इथपर्यंत आवाज स्वच्छ असेल तर दोष पुढे आहे.

३. लिंकच्या ट्रान्समीटरची आवाजाची वायर काढा, इनपुटला ६०० ओहमचा रोध लावा (उघडं इनपुट स्वतःच हमिंग पकडतं), अँटेनाऐवजी डमी लोड जोडा आणि बटण दाबून दुसऱ्या सेटवर ऐका. तरीही हमिंग असेल तर ते पॉवर सप्लायमधून येतंय.

४. पॉवर सप्लाय काढून १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. गेलं? मग दोष सप्लायमध्ये किंवा त्याच्या अर्थमधून होणाऱ्या लूपमध्ये आहे. दोन्हींत फरक करायला पायरी ३ चा निकाल बघा.

५. वायर परत लावा. लावताक्षणी हमिंग आलं तर ग्राउंड लूप किंवा खराब जाळी.

६. सगळं जोडलेलं असताना वायर हाताने हलवा, विजेच्या तारेपासून दूर न्या. आवाज बदलला तर वायरीचा मार्ग चुकलाय.

वेळेचीही नोंद ठेवा. बाजाराच्या परिसरात विजेचा भार दिवसभर सारखा नसतो. पहाटे माल उतरतानाचं हमिंग आणि दुपारच्या शांततेतलं हमिंग वेगळं निघू शकतं. ‘काल तपासलं तेव्हा नव्हतं’ या वाक्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

इलाज: स्वस्तातून महागाकडे

एकच प्लगबोर्ड. रिपीटर, लिंक आणि कंट्रोलर एकाच बोर्डवर घ्या, म्हणजे सगळ्यांचा अर्थ एकाच जागी भेटेल. पैसे शून्य, आणि बऱ्याच वेळा काम इथेच होतं.

आवाज मोठा पाठवा, शेवटी लहान करा. मघाचा हिशेब आठवा. वायरीतून १ व्होल्टच्या पातळीवर आवाज न्या आणि माईकच्या इनपुटजवळ तो शंभरपटीने कमी करा: १० किलोओहम आणि १०० ओहम असे दोन रोध पुरतात. वाटेत मिसळलेलं हमिंगही शंभरपटीने कमी होतं. हे रोध वायरीच्या शेवटच्या टोकाला हवेत. पाठवणाऱ्या टोकाला लावले तर काहीच फायदा नाही.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. ६०० ओहम, १:१ चा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मध्ये घातला की आवाज जातो, पण तांब्याचा सलग रस्ता तुटतो. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चौकशी करा, किंवा जुन्या टेलिफोन मोडेमच्या कार्डावरून काढा. तो पॉवर सप्लायच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरशेजारी मात्र बसवू नका. तिथलं चुंबकीय हमिंग तो पकडेल.

पीटीटीची वायर विसरू नका. इथे अनेक जण फसतात. आवाजाला ट्रान्सफॉर्मर लावला, तरी हमिंग तसंच. कारण बोलण्याचं बटण चालवणारी वायर दोन्ही रेडिओंचा ग्राउंड परत जोडते. त्यासाठी ऑप्टोकपलर किंवा छोटा रिले वापरा.

जाड तार. बोलताना २५ वॅटचा सेट ५-६ अँपिअर ओढतो. वजाच्या तारेचा रोध ०.०२ ओहम असेल तरी ५ अँपिअरला ०.१ व्होल्ट, म्हणजे १०० मिलिव्होल्ट पडतात. माईकला लागतात १०! दोन्ही रेडिओंना सप्लायपासून स्वतंत्र, जाड आणि आखूड तारा द्या.

सब-टोनसाठी गाळणी. ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं अडवणारा फिल्टर लावा. बोलणं कळायला ३०० ते ३००० हर्ट्झ पुरतात. मात्र हा फिल्टर लावून ५० हर्ट्झचा दोष ‘मिटला’ असं समजू नका. तो झाकला गेला, आणि त्याचे ३५०, ४५० हर्ट्झचे वरचे पट तसेच राहतात.

फेराइट. बटण दाबल्यावर येणाऱ्या भुणभुणीसाठी वायरीचे चार-पाच वेढे फेराइटच्या कड्यातून घ्या आणि अँटेना रेडिओपासून लांब न्या.

हे कधीही करू नका

हमिंग घालवायचा एक ‘जुगाड’ सगळीकडे चालतो: तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकायची, किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावायचा. हमिंग खरंच जातं, आणि म्हणूनच हा उपाय धोकादायक आहे. अर्थची तार आवाजासाठी नसते. यंत्राच्या आतली २३० व्होल्टची तार कधी धातूच्या खोक्याला लागली, तर प्रवाह जमिनीत जावा आणि फ्यूज उडावा म्हणून ती असते. ती काढली की तो प्रवाह खोक्याला हात लावणाऱ्या माणसातून जातो. ओल्या गच्चीवर, पावसात, लोखंडी मास्ट धरून उभ्या असलेल्या माणसातून. मंडपात माईक हातात घेतलेल्या माणसालाही हाच धोका आहे.

दुसरी चूक म्हणजे अँटेनासाठी वेगळा खड्डा खणून ‘स्वतंत्र अर्थ’ करायचा आणि तो इमारतीच्या अर्थला जोडायचाच नाही. यामुळे लूप तर राहतोच, शिवाय वीज पडल्यावर दोन अर्थमधला सगळा ताण आपल्या रेडिओवर येतो. मास्ट, रेडिओ आणि इमारतीचं अर्थिंग एकाच पट्टीवर जाड तारेने जोडलेलं हवं. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, आणि बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे ना, ते बघा.

लूप तोडायचा तर आवाजाच्या वायरीत तोडा. अर्थच्या तारेत कधीच नाही.

झालं, हे ठरवायचं कसं?

‘आता बरं वाटतंय’ हे मोजमाप नव्हे. लिंकमधून १ किलोहर्ट्झचा सूर नेहमीच्या बोलण्याच्या पातळीवर पाठवा आणि दुसऱ्या टोकाला रेकॉर्ड करा. मग सूर बंद करून फक्त प्रसारण चालू ठेवा आणि उरलेलं हमिंग बघा. ते सुरापेक्षा ४० डेसिबल खाली असेल, तर हमिंग आवाजाच्या शंभराव्या भागाइतकं उरलं. बोलण्यासाठी तेवढं पुरे. हीच चाचणी साखळीतल्या प्रत्येक लिंकवर वेगवेगळी करा.

शेवटी एक कागद लिहून रेडिओच्या खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवा: तारीख, काय बदललं, हमिंग किती होतं आणि किती उरलं. पुढच्या वेळी दुरुस्तीला गच्चीवर चढणारा माणूस कदाचित दुसराच असेल, बाहेर धो-धो पाऊस असेल आणि खाली लोक निरोपाची वाट बघत असतील. तेव्हा त्याला हा कागद उपयोगी पडेल.